स्लीव्हनंतर सातव्या महिन्यात वजन अडलंय. काय तपासायचं, काय बदलायचं?

संथ_पाऊल

स्लीव्ह (वजन उतरवण्यासाठी पोटाचा मोठा भाग काढून टाकण्याचं ऑपरेशन) होऊन सात महिने झाले. स्त्री, वय ४१, उंची १६० सेंमी. ऑपरेशनच्या दिवशी वजन ११८ किलो, आज ८६.४. पहिले तीन महिने भराभर उतरलं, मग आठवड्याला अर्धा-पाऊण किलो, आणि गेले पाच आठवडे काटा ८६ ते ८७.३ यांच्यातच घुटमळतोय.

खाणं: तीन जेवणं आणि मधे दोनदा थोडंसं काहीतरी. अंदाजे ११०० कॅलरी, प्रोटीन ५५-६० ग्रॅम असावं. पाणी दीड लिटर. रोज ४० मिनिटं चालणं. महिन्याभरापूर्वी वजनं उचलायचा व्यायाम सुरू केलाय, आठवड्यातून तीनदा. औषधं: थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी उठल्याउठल्या, कॅल्शियम आणि लोह अर्ध्या तासाने नाश्त्यासोबत, मल्टिव्हिटॅमिन रात्री.

विचारायचंय ते असं:

१. हा प्लॅटो (वजन काही काळ एकाच जागी अडणं) आहे, की वजन उतरणं इथेच संपलं?
२. कॅलरी थेट ८०० वर आणाव्यात का?
३. पाच दिवस नुसतं पातळ घेऊन ‘पाउच रिसेट’ करतात, त्याचा उपयोग होतो का?
४. पोट ताणलं गेलं असेल तर ते कसं ओळखायचं?

---

ताटातलं_गणित

आधी एक आकडा बघा. ११८ वरून ८६.४ म्हणजे ३१.६ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या जवळपास २७ टक्के. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात साधारण २५ ते ३० टक्के उतरतं, तिथे तुम्ही सातव्या महिन्यातच पोचला आहात. सगळ्यात कमी वजन बहुतेकांचं १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान येतं. त्यामुळे ‘संपलं’ असं आत्ता म्हणता येणार नाही. पण पहिल्या तीन महिन्यांचा वेगही आता परत येणार नाही. कारण साधं आहे, कागदावर मांडून बघा.

११८ किलोच्या शरीराला, तुमचं वय-उंची धरून आणि हलकीफुलकी हालचाल धरून, दिवसाला २४५० च्या आसपास कॅलरी लागत होत्या. पहिल्या महिन्यात पोटात जात होत्या जेमतेम ७००. तूट १७५०. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला दीड किलोच्या वर चरबीच जात होती, आणि सुरुवातीला पाणी जातं ते वेगळं. आज ८६ किलोच्या शरीराला २००० लागतील असं सूत्र सांगतं. प्रत्यक्षात १९०० धरा, कारण वजन उतरताना शरीर अपेक्षेपेक्षा थोडं जास्तच काटकसर करायला लागतं. आता तुम्ही खरोखर ११०० खात असाल तर तूट ८०० ची, म्हणजे आठवड्याला पाऊण किलो. पाच आठवड्यांत साडेतीन किलो उतरायला हवे होते. ते उतरलेले नाहीत.

याचे अर्थ दोनच निघतात. एक, ११०० हा आकडा चुकलाय. दोन, चरबी उतरतेय पण तिच्या जागी पाणी धरलं जातंय. बहुतेक वेळा दोन्ही थोडंथोडं असतं.

पाण्याचं आधी सांगते. नवा व्यायाम सुरू केला की दुखावलेले स्नायू पाणी धरतात. एक-दोन किलो सहज, आणि ते काही आठवडे टिकतं. तुमचा व्यायाम महिन्याभरापूर्वी सुरू झाला आणि काटा पाच आठवड्यांपूर्वी थांबला, हे जुळतंय. पाळीच्या आधीच्या आठवड्यात आणखी किलो-दीड किलो चढतं. बद्धकोष्ठता असेल (लोहाच्या गोळीने होतेच) तर तेही वजन काट्यावर येतं. एखाद्या खारट जेवणानंतर दुसऱ्या दिवशी एक किलो जास्त दिसतं. म्हणून एका पाळीतल्या तारखेची तुलना पुढच्या पाळीतल्या त्याच तारखेशी करा, मधल्या आकड्यांची आपसात करू नका. वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर आणि कडक फरशीवर. सतरंजीवर काटा ठेवला तर आकडा बदलतो. सोबत बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा, श्वास सोडलेला असताना, पंधरा दिवसांतून एकदा. वजन तिथेच आणि कंबर दोन सेंटीमीटरने कमी, तर चरबी उतरतेय. तेव्हा ताटात काहीही बदलू नका.

आता ११०० चं. ‘अंदाजे’ आणि ‘असावं’ हे दोन शब्द तुमच्या प्रश्नात आहेत, तिथेच शोधायचंय. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या आणि सात दिवस सगळं तोलून लिहा. या सात दिवसांत खाणं सुधारायचं नाही, रोज जे चालतं तेच चालू द्या. सुधारलेल्या आठवड्याची नोंद काहीच सांगत नाही. या चार गोष्टी हटकून निसटतात:

तेल. जेवणाचा मोठा चमचा म्हणजे १५ मिली, साधारण १२० कॅलरी. बाटलीतून थेट ओतलं तर तो चमचा कधी दोन होतो ते कळतही नाही. सगळ्यांसाठी स्वयंपाक असेल तर पूर्ण पातेल्यातलं तेल मोजा आणि तुमचा वाटा तोलून भागाकार करा.

दाणे-बदाम. ‘मूठभर’ म्हणजे ३० ग्रॅम, सुमारे १७० कॅलरी. पोट लहान झालं तरी हे अडत नाहीत, कारण चावून झाल्यावर त्यांना जागाच किती लागते!

पेयं. २०० मिली साईसकट दुधाची कॉफी १३० च्या आसपास, साखर वेगळी. द्रवाला स्लीव्ह अडवत नाही, ते सरळ पुढे जातं.

आणि ‘थोडंसं काहीतरी’. हे नाव नसलेलं खाणं कुठल्याच हिशोबात येत नाही.

८०० वर आणू नका. तेवढ्यात प्रोटीन बसवणं कठीण जातं, स्नायू झिजतात, स्नायू झिजले की शरीराची गरज आणखी घटते, आणि तीन-चार आठवड्यांनी भूक असा हिसका देते की पुढचा महिना सावरण्यात जातो. इतक्या कमी कॅलरीचा आहार सर्जन किंवा डाएटिशियनच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो.

‘पाउच रिसेट’ने पोट आकसत नाही. पाच दिवस पातळ घेतल्यावर दोन किलो कमी दिसतात ते स्नायूंत साठवलेल्या साखरेबरोबर निघून गेलेलं पाणी असतं. एक ग्रॅम साठवलेली साखर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. नेहमीचं खाणं सुरू केलं की दोन्ही परत येतात. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला अनेकांचं वजन अडतं, त्यातही याच पाण्याचा मोठा हात असतो. त्या वेळी काहीच करायचं नसतं.

---

फॉलोअप_वही

गणित वर आलंच आहे, मी गोळ्यांबद्दल लिहितो. तुमच्या यादीत एक ठळक चूक दिसतेय.

थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम-लोह यांच्यात तुम्ही अर्धा तास ठेवताय. किमान चार तास हवेत. दोन्ही खनिजं आतड्यात त्या गोळीला बांधून ठेवतात आणि ती रक्तात पुरती पोचतच नाही. म्हणजे पाकिटावर ७५ लिहिलेलं असलं तरी शरीराला किती मिळतंय ते सांगता येत नाही. थायरॉईड कमी पडलं तर वजन अडतं, बद्धकोष्ठता होते, थंडी वाजते, पाणी धरलं जातं. शिवाय कॅल्शियम आणि लोहसुद्धा एकत्र नको, त्यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. वेळापत्रक असं बसवता येईल:

सकाळी ६: थायरॉईडची गोळी, फक्त पाण्याबरोबर. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर काही नको, कॉफीही नको.
सकाळी ११: कॅल्शियम ५०० मिग्रॅ.
दुपारी २: लोह. दूध, चहा, कॉफीबरोबर नको.
संध्याकाळी ५: कॅल्शियम ५०० मिग्रॅ.
रात्री ९: मल्टिव्हिटॅमिन. त्यातही बरेचदा लोह असतं, म्हणून ते सकाळच्या गोळीपासून लांबच बरं.

कॅल्शियम एका वेळी ५००-६०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही, म्हणून ते विभागून घ्यायचं. स्लीव्हनंतर दिवसाला एकूण १२०० ते १५०० लागतं, त्यात आहारातलंही धरा. कार्बोनेटपेक्षा सायट्रेट प्रकार बरा, त्याला पोटातल्या आम्लाची गरज कमी पडते. लोह पाळी चालू असलेल्या स्त्रीला दिवसाला ४५ ते ६० मिलीग्रॅम. गोळीच्या वेळा बदलल्या की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासा. त्याआधी तपासलं तर आकडा अर्धवट असतो. आणि डोस स्वतःहून वाढवू नका: ३० किलो उतरल्यावर काहींना तो कमीसुद्धा करावा लागतो.

बी-१२ तुमच्या यादीत वेगळं दिसत नाही. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर मात्रा वाचा. तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम हवं, नाहीतर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. ड जीवनसत्त्व रोज ३००० युनिटच्या आसपास, रक्तातली पातळी बघून कमीजास्त.

पुढच्या फॉलोअपला मागायच्या तपासण्या: हिमोग्राम, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉईड हार्मोन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), टीएसएच, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), यकृत आणि मूत्रपिंड.

बाकी कोणती औषधं चालू असतील तर तीही लिहा. स्टेरॉईड, इन्सुलिन, सल्फोनिलयुरिया गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या, अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट, प्रिगॅबॅलिन आणि काही बीटा-ब्लॉकर वजन धरून ठेवतात किंवा चढवतात. यातलं काहीही आपलं आपण बंद करायचं नाही. ज्यांनी लिहून दिलं त्यांना ‘वजनावर परिणाम न करणारा पर्याय आहे का’ एवढंच विचारायचं.

एक गोष्ट हात लावून बघण्यासारखी आहे. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या जरा वर, अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा. खड्डा पडला आणि राहिला तर सूज आहे. प्रोटीन फार कमी पडलं की अल्ब्युमिन घटून अशी सूज येऊ शकते, आणि आत स्नायू झिजत असताना काटा मात्र स्थिर दिसतो. हा प्लॅटो नव्हे. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

---

दंड_बैठक

व्यायाम थांबवू नका, एवढं सांगायलाच आलोय. वजन उचलायला लागल्यावर काटा थांबला की बरेच जण व्यायामच सोडतात आणि हातचं घालवतात.

चालणं ४० मिनिटं रोज, म्हणजे आठवड्याला २८० मिनिटं. पुरेसं आहे, वाढवायची गरज नाही. फक्त वेग बघा: बोलता यावं पण गाता येऊ नये. ८६ किलोचं शरीर ११८ किलोच्या शरीराइतकी कॅलरी त्याच फेरीत खर्च करत नाही. म्हणून आठवड्यातले दोन दिवस चढ घ्या, किंवा दोन मिनिटं जलद आणि दोन मिनिटं नेहमीचं, असं आठ वेळा.

वजनाच्या व्यायामात एकाच दिवशी एकेका स्नायूवर वेळ घालवू नका. खुर्चीतून उठबस (हातात वजन धरून), भिंतीवर किंवा ओट्यावर टेकून दंड, खालून वजन उचलणं, वजन छातीकडे ओढणं, डोक्यावर ढकलणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सलग दोन दिवस बारा वेळा सहज जमलं की एक-दोन किलो वाढवा. पोटाला टाके-व्रणाजवळ फुगवटा किंवा ओढ जाणवली तर वजन उचलणं थांबवून सर्जनला दाखवा, हर्निया असू शकतो.

क्रिएटिन (व्यायाम करणारे घेतात ती पावडर) घेत असाल तर लिहा. त्यानेही किलो-दोन किलो पाणी धरलं जातं.

---

संथ_पाऊल

सात दिवस तोललं. सरासरी १६२० कॅलरी आणि प्रोटीन ५४ ग्रॅम. मला खरंच ११०० वाटत होतं. मोठे वाटे असे निघाले: माझ्या वाट्याचं तेल दिवसाला ४० मिली, बदाम-शेंगदाणे ६० ग्रॅम, दुधाची कॉफी दोनदा साखर घालून. कंबर १५ दिवसांत एक सेंटीमीटर कमी. नडगीवर खड्डा पडत नाही. क्रिएटिन नाही, वर लिहिलेल्यांपैकी दुसरं औषध नाही. गोळ्यांच्या वेळा बदलल्या.

आता नेमकं काय कापू? आणि पोट ताणल्याचं राहिलं.

---

ताटातलं_गणित

मग कोडं सुटलं. १९०० मधून १६२० गेले, तूट २८०. आठवड्याला पाव किलो. व्यायामाचं आणि पाळीचं पाणी त्याच्यावर पांघरूण घालायला पुरेसं आहे. कंबर एक सेंटीमीटरने कमी झाली, म्हणजे खाली काम चालूच होतं. आणि अंदाज चुकला म्हणून मनाला लावून घेऊ नका. न तोलता सांगितलेला आकडा जवळपास सगळ्यांचाच कमी निघतो.

जेवण कापू नका, हे करा:

तेल ४० वरून २० मिली. सुमारे १६० कॅलरी वाचल्या. सकाळीच २० मिली वाटीत मोजून काढा आणि दिवसभर त्यातूनच वापरा. सगळ्यांचं एकत्र शिजत असेल तर तेवढी वाटी माणशी धरा.
दाणे ६० वरून २० ग्रॅम. जवळपास २३० वाचल्या. डब्यातून खायचे नाहीत, तोलून छोट्या डबीत काढलेलेच खायचे.
कॉफी एकच, बिनसाखरेची. १५०-१७० वाचल्या.

बेरीज ५५० च्या आसपास. त्यातल्या दीडशे प्रोटीनवर परत खर्च करा. दिवस साधारण १२०० ते १२५० वर येईल, तूट साडेसहाशेची, आठवड्याला अर्धा किलोच्या वर.

प्रोटीन ५४ वरून ७०-७५ वर न्यायचंय. उदाहरणादाखल एक दिवस: दोन अंडी १२ ग्रॅम, घट्ट गाळलेलं दही १०० ग्रॅम ९, शिजलेलं चिकन ८० ग्रॅम २४, शिजलेलं कडधान्य ८० ग्रॅम ६ ते ७, व्हे प्रोटीनचा एक स्कूप २० ते २४. मांसाहार नसेल तर चिकनच्या जागी टोफू किंवा सोयाबीन, आणि दही वाढवा. ताटात आधी प्रोटीन संपवायचं, मग भाज्या, पिष्टमय शेवटी. प्रोटीनआधी दुसरं काही खाल्लं की जागा उरत नाही, हे रोजच घडतं.

जेवण २० ते ३० मिनिटांचं ठेवा आणि जेवल्यावर अर्धा तास पाणी नको. पाण्याने घास पुढे ढकलला जातो आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. मधलं खाणं दोनदा हवंच असेल तर त्याला वेळ आणि नाव द्या: साडेदहा, दही. सात महिन्यांनी भूक परत येणं हे नैसर्गिक आहे. भुकेचं हार्मोन ज्या भागात जास्त बनतं तो भाग काढला असला तरी शरीर हळूहळू जुळवून घेतं, आणि पोटाची सूज ओसरल्यावर जागाही थोडी वाढते.

हे चार आठवडे चालवा आणि पाळीच्या त्याच दिवसाशी तुलना करा. मधे पुन्हा काही बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

---

फॉलोअप_वही

पोट ताणल्याची घरगुती चाचणी: पातळ किंवा मऊ पदार्थावरून काहीच ठरत नाही. सूप, बिस्किटं, आइसक्रीम कुणालाही भरपूर जातं. कोरडं, घट्ट प्रोटीन तोलून घ्या, पाण्याशिवाय, सावकाश खा. १००-१२० ग्रॅममध्ये पोट भरलं आणि तीन-चार तास भूक लागली नाही, तर स्लीव्ह काम करतेय. तेच २५०-३०० ग्रॅम सहज जातंय आणि तासाभरात भूक, तर सर्जनला सांगा. खात्री एंडोस्कोपीने किंवा बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेने होते. सोबत रोजची जळजळ, आंबट पाणी वर येणं असेल तर तेही सांगा, कारण पुढचा निर्णय त्यावरही अवलंबून असतो: स्लीव्हचं बायपासमध्ये (लहान केलेलं पोट थेट पुढच्या आतड्याला जोडण्याच्या ऑपरेशनमध्ये) रूपांतर करताना जळजळ हे एक मोठं कारण धरलं जातं.

त्याआधीची पायरी औषधांची आहे. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं ऑपरेशननंतर वजन पुरेसं उतरलं नाही किंवा परत चढलं तर वापरली जातात. पण मोजमाप, प्रोटीन, थायरॉईड हे जागेवर आल्यावर. तुमच्या बाबतीत आत्ता त्याची वेळ आलेली नाही. शिवाय त्यांनी भूक आणखी कमी होते, म्हणजे ५४ ग्रॅमवर असलेलं प्रोटीन ३५ वर यायला वेळ लागणार नाही.

---

काठावरून

बायपास झालेल्यांसाठी भर घालते, वरचं सगळं स्लीव्हचं आहे.

जेवणानंतर एक ते तीन तासांनी घाम, थरथर, धडधड, डोकं हलकं होणं, असं साधारण वर्षभरानंतर सुरू झालं तर रक्तातली साखर मोजा. ५४ मिग्रॅ/डेलीच्या खाली जात असेल तर ते डॉक्टरांचं काम आहे. वजनाशी त्याचा संबंध असा: प्रत्येक वेळी गोड खाऊन साखर वर आणली की ती पुन्हा कोसळते, पुन्हा गोड लागतं, आणि दिवसाला नकळत तीन-चारशे कॅलरी वाढतात. तातडीला ग्लुकोज घ्यावंच लागतं, पण लगेच मागोमाग प्रोटीन खा, आणि मुळात जेवणातलं पिष्टमय कमी करा. बायपासनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत. व्यायामाने अंग दुखलं म्हणून त्या घेतल्या जातात आणि जोडाशी अल्सर होतो.

आणि कुठलंही ऑपरेशन असो: दोन-तीन दिवसांहून जास्त उलट्या, पाणीही न टिकणं, पायांना मुंग्या, एकाची दोन दिसणं, चालताना झोक जाणं, यात थांबायचं नाही. ही बी-१ च्या (थायमिनच्या) कमतरतेची लक्षणं असू शकतात आणि उशिराने कायमची इजा होते. इमर्जन्सीत गेल्यावर ‘बॅरिएट्रिक (वजन उतरवण्याची) सर्जरी झालीय, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या’ हे स्वतः सांगा. तिथल्या घाईत ते राहून जाऊ शकतं.

---

संथ_पाऊल

वाटीत २० मिली तेल काढून ठेवलं, दाण्यांची डबी तोलून भरली. टीएसएच सात आठवड्यांनी, वजनाची तुलना पुढच्या पाळीच्या आठव्या दिवशी. बी-१२ ची मात्रा पाकिटावर वाचली, फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. ते उद्या डॉक्टरांना विचारते.

---

फॉलोअप_वही

५ अगदीच कमी. विचाराल तेव्हा बी-१२ ची रक्ततपासणी गोळी किंवा इंजेक्शन सुरू करण्याआधीच करून घ्या. एकदा सुरू केलं की आकडा चढतो आणि आधी किती कमतरता होती ते कळत नाही.